कडंसुई घेऊन सिरसाळ्याला

चिपळूणहून अंबाजोगाईला निघालेला माणूस योगेश्वरीलाच चालला असणार, असं आमच्या आळीत सगळे धरूनच चालतात. कोकणातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. त्यामुळे मी पिशवी भरायला घेतली तशी शेजारच्या वहिनींनी ओटीचं सामान आणून दिलं, समोरच्या काकूंनी दक्षिणेचं पाकीट दिलं आणि येताना प्रसाद आणायला बजावलं. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. पिशवीच्या तळाशी, साड्यांच्या खाली, पत्र्याच्या एका डबीत माझी कडंसुई होती आणि मी चालले होते घोंगडं शोधायला. हे सांगितलं असतं तर एसटी चुकेपर्यंत प्रश्न संपले नसते.

कडंसुई म्हणजे काय ते आधी सांगते. हजारेक वर्षांपूर्वी थंड देशांतली माणसं खांद्यावरची जाड लोकरी शाल एका दागिन्याने अडकवत असत. पितळेचं किंवा काशाचं कडं, त्याला एका जागी फट, आणि त्या कड्यावर सरकणारी एक लांब सुई. शालीचे दोन्ही काठ एकत्र धरायचे, सुई त्यांतून पार करायची, टोक फटीतून वर काढायचं आणि कडं थोडं फिरवायचं. मग शाल आपल्याच ओझ्याने सुईला दाबून धरते. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आमच्या कारखान्यात मी ‘कडंसुई’ म्हणायला लागले आणि तेच रुळलं.

कारखाना हा शब्द मोठा झाला. घरामागची पत्र्याची पडवी आहे ती. वडील तिथे समया आणि घंटा करायचे, आता दादा करतो. मी जुन्या दागिन्यांच्या हुबेहूब नकला करते, नाटकवाल्यांसाठी, संग्रहालयांसाठी, सगळं कानस आणि हातोडीवर. गेल्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका मंडळाने अठरा कडंसुया मागितल्या. ही मंडळी जत्रेच्या दिवसांत हजार वर्षांपूर्वीसारखे कपडे घालून वावरतात, चुलीवर रांधतात, आणि वस्तू खरोखर तशीच हातघडणीची हवी म्हणून हटून बसतात. पहिला नमुना परत आला, कारण सुई वाकते. दुसरा परत आला, कारण कापड फाटतं. सोबत त्यांच्या प्रमुख बाईंचं अगदी गोड पत्र होतं, की दहा दिवसांत तिसरा नमुना टपालात पडला तर पाहू, नाहीतर दुसरा कारागीर शोधू.

दादाने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, “हाही परत आला तर खिडकीजवळच्या जागेत पॉलिशचं मशीन बसवू.”

खिडकीजवळची जागा माझी आहे. एकवीस वर्षं मी तिथे बसते. दादा वाईट माणूस नाही, पण मशीन घ्यायचं त्याने मनात केव्हाच पक्कं केलं होतं आणि नकला करणं म्हणजे वेळ घालवणं हेही. मला राग आला. आणि मला राग आला की मी रडत नाही, हट्टाला पेटते.

कापड फाटतं याचा अर्थ टोक पुरेसं तीक्ष्ण नाही, असं मी ठरवून टाकलं. तिसऱ्या सुईला असं टोक काढलं की दादाने अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि हात मागे घेतला. मिलच्या शालीतून ती अलगद गेली. पण त्यांची शाल असते हातविणीची, जाड, जड. आणि चिपळुणात तसलं कापड मिळणार कुठे? आमच्याकडे थंडी पाहुणी म्हणून येते आणि दोन दिवस राहून जाते. मग मी शोभाला फोन केला. ती पूर्वी आमच्या शेजारी राहायची, आता अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात नर्स आहे.

“घोंगडं पायजे ना? मग ये की इकडं,” ती म्हणाली. “फोनवर कसं दाखवू तुला घोंगडं?”

अंबाजोगाई, शुक्रवार

ओटी आधी भरली. खोटं बोलले नव्हते, पण खरंही सांगितलं नव्हतं, तेवढं तरी फेडून घ्यावं म्हणून. देवी आमच्या इतक्या घरांची आणि येऊन बसली इतक्या लांब, याचं मला नेहमी नवल वाटत आलंय. सकाळच्या कोरड्या थंडीत देवळाच्या दगडी फरशीवर पाय टेकल्यावर वाटलं, तिला घामाचा कंटाळा आला असणार.

शोभाने दुपारी येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी केली होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की पंधरा मिनिटांत अशी आमटी होते की नारळाची आठवणही येत नाही. तरी मी सवयीने विचारलं, “भात आहे का गं?” शोभाने कपाळाला हात लावला. “दोन दिवस भात न्हाई खाल्ला तर मरत न्हाई कुणी,” म्हणाली, आणि तिसरी भाकरी वाढली. दोन दिवसांत माझे ओठ फुटले, टाचा फुटल्या, पण जेवण कसं ते उत्तम झालं.

सिरसाळा, शनिवार

शोभाने सुट्टी काढली होती. सिरसाळ्याच्या बाजारात घोंगडं मिळेल, असं तिचं म्हणणं. वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी, जीप भरली तेव्हा आत चौदा माणसं, एक शेळी आणि शेळीच्या तोंडासमोर माझी पिशवी. उतरताना कळलं की पिशवीचा बंद तिने खाल्लाय. त्याच गडबडीत माझ्या चपलेचा अंगठाही तुटला. शोभाने बाजारात आधी मला रबरी चप्पल घेऊन दिली आणि तिथून आम्ही घोंगडं विचारायला लागलो.

घोंगडं सोडून सगळं होतं. वाघाच्या चित्राची गुबगुबीत ब्लँकेटं, सोलापुरी चादरी, कानटोप्या, हिरव्या रंगाच्या जाळ्या. एका कापडवाल्याने मला खालून वर पाहिलं. “घोंगडं आता कोण घेतंय, ताई? वजनाला लई, धुवायला लई. तुमाला घोंगडं पायजे तर मेंढरामागं जावा.”

शोभाला मेंढरं कुठे आहेत ते ठाऊक होतं. तिच्या दवाखान्यात येऊन गेलेले हरिबा धनगर गावापासून कोसभर अंतरावर एका काढणी झालेल्या रानात उतरले होते. इकडे शेतकरी धनगराला आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि धनगराला धान्य. आमच्याकडे गाईगुरं रानात शिरली की भांडणं होतात, आणि इथे दीडशे मेंढरांना आवतण. काळ्या मातीत ढेकळं तुडवत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन तापलं होतं, पण हरिबांच्या अंगावर घोंगडं होतंच.

साठी ओलांडलेले, उंच, अगदी कमी बोलणारे. काळं घोंगडं खांद्यावरून गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि डाव्या हाताची मूठ छातीपाशी, दोन्ही काठ आवळून धरलेली. उजव्या हातात काठी. मी तासभर पाहत होते, ती डावी मूठ एकदाही सुटली नाही. पाणी प्यायला त्यांनी काठी खाली ठेवली, मूठ नाही.

त्यांची बायको कोंडाबाई मात्र बोलायला मोकळी. “ऊन लागतं म्हणून घोंगडं, गार लागतं म्हणून घोंगडं, पाऊस आला म्हणून घोंगडं,” ती सांगत होती. “ल्हानपणापासून बघतेय, ह्यांचा डावा हात घोंगड्याचाच हाय.”

मला तर वाटलं, ह्या माणसासाठीच मी ही वस्तू केली आहे. डबीतून कडंसुई काढून दाखवली. हरिबांनी मान हलवली, म्हणजे लावा. मी दोन्ही काठ जुळवले आणि ऐटीत सुई खुपसली. ‘टच्’ असा बारीक आवाज आला. मग आणखी दोन. सुई पार गेली, कडं फिरलं, घोंगडं अडकलं. मी मागे सरून कौतुकाने पाहतेय तोवर कोंडाबाई पुढे आली. तिने सुई काढली, काठ उजेडाकडे धरला आणि बोट ठेवलं.

“काय केलंत हे?” ती म्हणाली. “तीन धागे तुटले.”

मी वाकून पाहिलं. तीन धाग्यांची टोकं फुलून बाहेर आली होती.

“घोंगड्याला टोकाची सुई लावत न्हाईत आमी. लोखंडाची न्हाई, तुमच्या पितळंची बी न्हाई. एक भोक पडलं का तिथून उसवत जातं सगळं. आमच्या मेंढराची लोकर हाय ही, आमीच कातलेली. विणणारा म्हातारा गेला, आता कोण विणून देणार? जागरणाला देव ह्याच घोंगड्यावर मांडतो आमी.”

हरिबांनी घोंगडं परत घेतलं आणि डाव्या मुठीत आवळलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी कशीबशी माफी पुटपुटले.

“चल, जीप निघंल,” म्हणून शोभाने मला ओढलं. अंबाजोगाई जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, “माझ्या वळखीनं गेलतो आपण तिथं.”

सिरसाळा, रविवार

मी एकटी परत गेले. माफी नीट मागायची होती हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर ते भोक मला स्वस्थ बसू देत नव्हतं. समुद्रापलीकडच्या बाईंनी दोनदा लिहिलं तेव्हा वाटलं होतं, त्यांचं कापडच भिकार असेल. आता मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्या हाताने केलं होतं. नमुना टपालात टाकायला सहा दिवस राहिले होते आणि डबीत होती ती सुई पाठवली असती तर तीही फाडून परत आली असती.

कोंडाबाई बाभळीच्या सावलीत घोंगडं मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून ती ना हसली ना रागावली. “बसा,” म्हणाली. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. नमुने, पत्र, दादाचं मशीन, खिडकी. ती मधेच म्हणाली, “मशीन आलं तर तुमी कुठं बसणार?”

“तेच तर,” मी म्हटलं.

ती तुटलेले धागे सांधत होती. टकळीवर कातलेला काळा लोकरीचा धागा, आणि हातात बोटभर लांब लाकडी सुई, बाभळीची, वापरून वापरून काळी तुकतुकीत झालेली. मी त्या सुईकडे पाहतच राहिले, कारण तिला टोक नव्हतं. शेवट गोल होता, तांदळाच्या दाण्यासारखा. कोंडाबाई ती खुपसत नव्हती. दोन बोटांत हलकेच फिरवत, घोंगड्यावर टेकवून जराशी इकडे, जराशी तिकडे करत होती, आणि मग एकाएकी सुई न अडखळता आत जात होती. आवाज अजिबात नाही.

“हिला टोक नाही?” मी विचारलं.

“टोक कावून पायजे? टोक धागा कापतंय. हिला वाट गावंस्तोवर फिरवायचं. धागा सरकतो बाजूला, आन् सुई गेली का परत जवळ येतो.”

वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की कारागिराची लाज टोकात असते. एकवीस वर्षं मी टोकं काढत आले. ती हातविणीची लोकर कापली जात होती ती माझ्या हुशारीने, हे एका लाकडाच्या काडीने दाखवावं! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच.

“एखादा गुळगुळीत दगड आहे का?” मी विचारलं.

“काय करायलात?”

“टोक मोडते.”

पाट्याचा एक फुटका तुकडा होता, तो तिने काढून दिला. मी घासायला बसले. टोक मोडायला वेळ लागत नाही, पण मोडलेलं टोक गोल करायला जीव जातो. अर्ध्या तासाने मी सुई पुढे केली. कोंडाबाईने ती न पाहताच गालावर टेकवून खालून वर फिरवली.

“टोचतंय.”

पुन्हा घासली.

“टोचत न्हाई, पर खरवडतंय. गालाला खरवडलं का लोकरीला खरवडतंच.”

तिसऱ्या वेळी तिने हात मधेच थांबवला, कारण भाकरी थापायची होती. मलाही वाढली, ठेचा आणि वर तेल. रानमालकाने कोवळ्या ज्वारीची कणसं पाठवली होती. हरिबांनी गोवऱ्यांच्या आगटीत ती भाजली आणि उजव्या हाताने चोळून गरम हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. डावी मूठ तिथेच, छातीपाशी. आमच्याकडे ओल्या काजूचं इतकं कौतुक करतो आम्ही, पण हा हुरडा खाताना मी ओल्या काजूचं नाव काढलं नाही.

जेवणानंतर राख घेतली आणि कच्च्या लोकरीचा बोळा. लोकरीला आपला तेलकटपणा असतो, राख त्यात कालवून घासलं की पितळ आरशासारखं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. बोटांची सालं निघाली. चौथ्या वेळी कोंडाबाईने सुई गालावर फिरवली, मग डोळा मिटून पापणीवर फिरवली.

“आता झालं,” ती म्हणाली. “पर आज न्हाई. सांधलेला धागा बसू द्या. उद्या या.”

सिरसाळा, सोमवार

सकाळी कोंडाबाईने कडंसुई माझ्या हातातून घेतली. मला लावू दिली नाही, आणि बरोबरच केलं. तिने काठ जुळवले, सुई बोटांत फिरवत वाट शोधली, पार केली, टोक फटीतून वर घेतलं. कडं कसं फिरवायचं तेवढं मी सांगितलं. घोंगडं छातीवर बसलं. हरिबांनी डावी मूठ उघडली, खाली सोडली आणि त्या हाताकडे पाहिलं. मग मेंढरं घेऊन निघून गेले.

दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. टाचांना फोड आले होते म्हणून कळपामागे जाता येईना. कोंडाबाईबरोबर लोकर पिंजली, कोकरांना पाला घातला, दर घटकेला उठून बांधाकडे पाहिलं. मनात सगळी संकटं येत होती. सुई वाकली असेल, कडं निसटून ढेकळात पडलं असेल, मेंढराने ओढलं असेल, पुन्हा धागे तुटले असतील आणि आता मात्र मला इथे परत तोंड दाखवता येणार नाही. कोंडाबाई एकदाच म्हणाली, “बसा की. तुमी उभं ऱ्हायल्यानं त्ये लवकर येणार न्हाईत.”

ऊन कलल्यावर कळप दिसला. मागून हरिबा येत होते. उजव्या हातात काठी होती, आणि डाव्या हातात, छातीशी, त्याच दिवशी रानात जन्मलेलं कोकरू. घोंगडं त्याच्यावर पांघरलेलं आणि वर कडंसुई, सकाळी होती तिथेच.

“मंग काठी कुणी धरली?” कोंडाबाईने विचारलं, कारण एरवी रानात मेंढी व्यायली की काठी नाहीतर घोंगडं, एक काहीतरी खाली ठेवावं लागतं.

हरिबांनी काठी वर करून दाखवली.

कोंडाबाईने सुई काढली. काठ उजेडाकडे धरला. तिने अंगठ्याने ती जागा एकदा चोळली, दोनदा चोळली, मग घोंगडं माझ्याकडे दिलं. “दावा कुठं भोक हाय ते.” मी शोधलं. डोळे जवळ नेऊन शोधलं, बोटांनी शोधलं. सापडलं नाही. सांधलेले तीन धागे सापडले, ते माझेच पाप, पण दिवसभराची जागा सापडली नाही. मी कोंडाबाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नमुना पास झाला होता. आता डबीत घालायचा, घरी न्यायचा, टपालात टाकायचा. मी डबी उघडली आणि हात पुढे केला.

हरिबांनी कडंसुई देऊ दिली नाही. कोकरू खाली ठेवून त्यांनी ती कोंडाबाईकडून उजव्या हातात घेतली, घोंगडं खांद्यावर टाकून काठ जुळवले, आणि बायकोने लावली तशी फिरवत फिरवत स्वतः लावली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, ह्यो हात आता परत बांधू नका.”

तीन दिवसांत त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. कोंडाबाई त्यांना गप करायला गेली, “आवं, त्यांचा नमुना हाय त्यो, त्यांचं बसायचं ठिकाण जाईल,” पण मी तिला थांबवलं. हिशोब मनात झाला होता. घरी पोहोचल्यावर हातात चार दिवस उरत होते. कडं आणि सुई घडवायला दीड, आणि टोक मोडायला उरलेले सगळे. जमेल असं नव्हतं, जमवायचंच होतं. मी रिकामी डबी बंद केली आणि जीप गाठली.

अंबाजोगाईत शोभाने डबी हलवून पाहिली. “अगं, येडी हाईस का तू?” ती म्हणाली. पण परवापासून पहिल्यांदाच ती नीट बोलत होती, आणि वाटेत खायला तिने बारा धपाटे बांधून दिले.

चिपळूण

पुढचं थोडक्यात सांगते. दुसरी कडंसुई चौथ्या दिवशी दुपारी टपालात पडली. सोबत मी लिहून पाठवलं की टोक मुद्दाम बोथट आहे, खुपसू नका, फिरवत वाट शोधा. महिनाभराने उत्तर आलं. कापडावर खूण राहत नाही, उरलेल्या सतरा पाठवा. खिडकीजवळ मीच बसले आहे आणि मशीनचा विषय सध्या कोणी काढत नाही.

पण मी परतले त्या संध्याकाळी यातलं काहीच झालं नव्हतं. एसटीतून उतरून, फोडांनी लंगडत, बंद तुटलेली पिशवी पोटाशी धरून मी पडवीत शिरले. दादा समयांना पॉलिश करत होता. त्याने मान वर केली, माझ्या सालं निघालेल्या बोटांकडे पाहिलं.

“काय झालं नमुन्याचं?”

“पास झाला.”

“बघू,” म्हणून त्याने हात पुढे केला.

“तो नाही देता येणार,” मी म्हटलं आणि खिडकीजवळ बसून कानस हातात घेतली. “तो कामाला लागलाय.”